माहिती पुरेशी आहे का

बिझनेस स्कूलच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅट नावाची परीक्षा असते, तिच्यात डेटा सफिशियन्सी नावाचा एक प्रश्नप्रकार आहे. एक प्रश्न देतात, खाली दोन विधानं देतात आणि उत्तर काढा असं म्हणतच नाहीत, एवढंच विचारतात की ह्या माहितीवर उत्तर निघेल का. म्हणजे समजा प्रश्न आहे, क्ष ही धन संख्या आहे का? पहिलं विधान, क्षचा वर्ग ९ आहे. ह्यावरून क्ष ३ पण असेल आणि उणे ३ पण, म्हणजे एकट्या ह्याच्यावर काही ठरत नाही. दुसरं विधान, क्ष उणे २ पेक्षा मोठी आहे. मग ती उणे १ असेल, शून्य असेल, शंभर असेल, म्हणजे ह्याच्यावरही नाही. पण दोन्ही शेजारी ठेवली की क्ष ३च, दुसरं काही असूच शकत नाही.

अकरा वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी परत गणिताचं पुस्तक उघडून बसले तेव्हा बाकी सगळ्याची धडकीच भरली होती, अगदी अपूर्णांकांपासून सगळं नव्याने करायचं होतं, पण हा एक प्रकार पहिल्या दिवसापासून आपला वाटला. कारण त्याआधीची आठ वर्षं मी एका फिरत्या नाटक कंपनीत स्टेज मॅनेजर होते आणि ते काम म्हणजे रोज संध्याकाळी हेच. एका नटाचा आवाज बसलाय, डॉक्टर म्हणतायत बघू, प्रयोग साडेसातला आहे, आत्ता चार वाजलेत, बदली नटाला बोलवायचं की नाही? उत्तर काय ते नंतर, आधी जेवढं माहीत आहे तेवढ्यावर ठरवता येतंय का, आणि नसेल तर अजून नेमकं काय कळायला हवं आणि ते कुणाला विचारायचं.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतेय कारण बिझनेस स्कूलला अर्ज करताना माझ्यासारख्या माणसाचं नेमकं काय होतं हे मला ह्याच प्रश्नप्रकारातून कळलं, आणि ते कळायला एक अख्खं वर्ष आणि चार नकार लागले.

माझं शिक्षण असं की दोन वर्षं फिजिक्स केलं, दुसऱ्या वर्षी गणिताच्या दोन पेपरात जेमतेम पास झाले, सोडलं, मग भाषेची पदवी घेतली, ती चांगल्या मार्कांनी, पण एकूण पाच वर्षं लागली. त्यानंतर नाटक. पदाला बढती नाही, वर्षाच्या शेवटी अप्रेझल नाही, दर नाटकागणिक नवा करार, दोन नाटकांच्या मधे कधी दोन महिने रिकामे. अर्जाच्या फॉर्मवर इंडस्ट्री निवडायची यादी उघडली की बँकिंग, कन्सल्टिंग, टेक्नॉलॉजी, ऊर्जा, असं करत करत मी सगळ्यात खाली पोचायचे, तिथे 'इतर'. मग पुढचा रकाना, हाताखाली किती माणसं? कुठल्या दिवशी? तालमीच्या दिवशी तीन, प्रयोगाच्या दिवशी बावीस. सध्याच्याच ठिकाणी राहिलात तर तुमचं पुढचं पद कोणतं असेल? स्टेज मॅनेजरचं पुढचं पद म्हणजे अजून मोठ्या नाटकाचा स्टेज मॅनेजर, हे त्या चौकोनात कसं लिहायचं ते मला खरंच कळेना.

आणि तिथे जायचंच का होतं, हे पण सांगायला हवं, कारण नाटकाला कंटाळून चालले असं अनेकांना वाटलं होतं. आमची कंपनी दोनदा बंद पडता पडता वाचली आणि दोन्ही वेळा नाटक धो धो चालत होतं. प्रयोगाचे पैसे यायला कधी दोन कधी तीन महिने, आणि गाड्या, थिएटरं, राहायची सोय, लोकांचे पगार हे सगळं आधी. जितके जास्त प्रयोग घेऊ तितकी कडकी वाढायची आणि हे असं का होतं ते आम्हा कुणालाच नीट मांडता येत नव्हतं. खेळतं भांडवल, म्हणजे येणारे पैसे हातात पडेपर्यंत रोजचा खर्च भागवायला लागणारा पैसा, हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. तो समजला त्या दिवशी मला राग आला, इतकी साधी गोष्ट आम्हाला आठ वर्षं कुणी सांगितली नव्हती म्हणून. अशा कंपन्या चांगलं काम करूनही मरतात आणि त्या मरू नयेत ह्यासाठी जे शिकायला लागतं ते मला शिकायचं होतं.

तर पहिल्या वर्षी चार ठिकाणी अर्ज केले, चारही ठिकाणांहून इंटरव्ह्यूला न बोलवताच नकार. तो निबंध माझ्याकडे अजून आहे. अंधार, मग हळूहळू उजळणारा रंगमंच, टाळ्या, कलेची ताकद, टीमवर्क, सगळं आहे त्यात. एकही वाक्य खोटं नाही. माझी एक मैत्रीण अकाउंट्समध्ये आहे, तिने वाचलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अगं छान लिहिलंयस, पण तू ह्यात नक्की काय केलंस?" मी म्हटलं लिहिलंय की, टीम सांभाळली. ती म्हणाली, "हो, पण काय केलंस?"

मग परत वाचला. त्यात मी कुठेच काही ठरवत नव्हते.

आता तो अर्ज वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. समोर एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममधल्या मुलाचा अर्ज आहे. फर्मचं नाव वाचल्याबरोबर अर्धी माहिती न लिहिताच मिळते, त्याला कुणीतरी आधीच चाळणी लावून निवडलंय, दोन वर्षांत तिथे काय काम देतात हे ठाऊक आहे, तिथून आलेले पन्नास जण वर्गात कसे वागले हेही माहीत आहे. त्याच्यानंतर माझा अर्ज येतो. स्टेज मॅनेजर म्हणजे नेमकं काय, आठ वर्षं चांगली की वाईट, भाषेच्या पदवीचे मार्क बॅलन्स शीट वाचण्याबद्दल काय सांगतात, कशाचाच अंदाज नाही. त्या माणसाच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल असं मला आता वाटत नाही. त्याच्यासमोर एक प्रश्न आहे, ही झेपवेल का आणि वर्गाला हिचा काही उपयोग होईल का, आणि खाली दिलेली विधानं अपुरी आहेत. डेटा सफिशियन्सीत अशा वेळी कितीही सहानुभूती असली तरी शेवटचाच पर्याय निवडावा लागतो, दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरी. नर्स, शिक्षक, लष्करातले, वादक, खेळाडू, संशोधन अर्ध्यावर सोडलेले, आपण सगळे एकाच अडचणीत असतो, आणि ती अडचण आपणच सोडवायची असते कारण आपल्या कामाची माहिती दुसऱ्या कुणाकडे नाहीच.

आकड्यांचा संशय मात्र खरा असतो आणि त्याचा राग धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये आकड्यांची पार्श्वभूमी नसलेल्यांना 'पोएट' म्हणायची जुनी पद्धत आहे, म्हणजे कवी, आणि समोरच्या बाजूला 'क्वांट', म्हणजे आकडेवाले. हे कुठून आलं ते बघायला गेलं तर ह्या शाळा सुरुवातीला इतक्या गणिती नव्हत्याच. व्हार्टन १८८१ची, डार्टमथची टक १९००ची, हार्वर्डची १९०८ची, आणि पुढची कित्येक वर्षं तिथे बरंचसं शिक्षण म्हणजे धंद्यातल्या व्यवहाराचं वर्णन असायचं. मग १९५९मध्ये फोर्ड आणि कार्नेगी ह्या दोन संस्थांच्या मदतीने दोन वेगवेगळे अहवाल आले आणि दोघांनीही सांगितलं की हे शिक्षण कच्चं आहे, त्यात गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संशोधन आणा. तेव्हापासून रोख बदलला. आजही पहिल्या सत्रात संख्याशास्त्र, अकाउंटिंग, फायनान्स, मायक्रोइकॉनॉमिक्स एकदमच अंगावर येतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याला खरोखर त्रास होतो. म्हणून ह्या शंकेचं उत्तर निबंधात देऊन चालत नाही. मला आकड्यांची आवड आहे असं लिहिलेल्या वाक्याची किंमत शून्य, तिथे मार्कच ठेवायला लागतात.

मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे संख्याशास्त्र आणि फायनान्शियल अकाउंटिंगचे दोन कोर्स केले, परीक्षा आणि ग्रेड असलेले, नुसते बघून संपवायचे व्हिडिओ नाहीत. हार्वर्डचा ऑनलाईन कोअर नावाचा कार्यक्रम आहे, त्यात अर्थशास्त्र, अकाउंटिंग आणि बिझनेस ॲनालिटिक्स हे तीन विषय एकत्र असतात, तसं काहीतरी किंवा जवळच्या कॉलेजातला संध्याकाळचा वर्ग, दोन्ही चालतं. दुसरं म्हणजे जीमॅट. जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षा पण जवळजवळ सगळीकडे चालते, सप्टेंबर २०२३पासून ती फक्त १ तास ५८ मिनिटांची झालीय, आणि ज्यांची भाषा चांगली त्यांना ती सोयीची पडते असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी मुद्दाम जीमॅट घेतली, कारण शंका जिथे आहे तिथेच उत्तर द्यायचं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये तिचं नवं रूप आलं, क्वांट म्हणजे गणित, व्हर्बल म्हणजे भाषा आणि डेटा इनसाइट्स म्हणजे दिलेल्या माहितीचा अर्थ लावणं, असे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, निबंध गेला, भूमिती गेली, डेटा सफिशियन्सी क्वांटमधून उचलून डेटा इनसाइट्समध्ये टाकली, कॅल्क्युलेटर फक्त त्याच भागात. मार्क २०५ ते ८०५. जुन्या परीक्षेतल्या ७००च्या तोडीला नव्या परीक्षेत साधारण ६४५ येतात, हे माहीत नसेल तर माणूस उगाच खचतो, मी पहिल्या सराव परीक्षेनंतर खचले होते. तीन वेळा दिली. रोज पहाटे दीड तास, दौऱ्यावर असले तर बसमध्ये, सात महिने. तिसऱ्यांदा क्वांटचे मार्क जिथे हवे होते तिथे आले.

ह्याच काळात मला मेरी पार्कर फॉलेट ही व्यवस्थापनावर लिहिणारी अमेरिकन बाई भेटली, म्हणजे वाचनात. १८६८चा जन्म, शिकली राज्यशास्त्र, आणि मग कित्येक वर्षं बॉस्टनमध्ये वस्त्यांमधून समाजकेंद्रं चालवली, शाळेच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात त्या लोकांसाठी उघडा म्हणून झटली. कारखाना नाही, बँक नाही. आणि १९२०च्या दशकात तिला उद्योगवाले बोलवायला लागले, आमच्याकडे येऊन भांडणं कशी सोडवायची ते सांगा म्हणून. तिचं खिडकीचं उदाहरण प्रसिद्ध आहे, हार्वर्डच्या लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, हिला बंद हवी होती, शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, हिला अंगावर वारा नको होता. मी ते बसमध्ये वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बाहेर बघत बसले, कारण हे एका समाजकेंद्रात राबलेल्या बाईलाच दिसेल असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. व्यवस्थापनावरचा प्रसिद्ध लेखक पीटर ड्रकर पण कायद्याचा डॉक्टरेट आणि आधी पत्रकार. असो, त्यांनी कुठे अर्ज केले नव्हते, मला करायचा होता.

निबंध परत लिहायला घेतला तेव्हा मी एकच रात्र निवडली.

दौऱ्यावर होतो. सेटचा ट्रक घाटात अडकला होता, ड्रायव्हरचा फोन कधी लागायचा कधी नाही. प्रयोग साडेसातला, सेट लावायला तीन तास, म्हणजे साडेचारला ट्रक दारात हवा. सव्वापाच वाजले. तिकिटं जवळजवळ संपलेली. दिग्दर्शक दुसऱ्या गावात. प्रयोग रद्द केला तर थिएटरचं भाडं, तिकिटांचे पैसे आणि पुढच्या गावचा आगाऊ खर्च मिळून महिनाअखेरचे पगार होणार नव्हते, हा हिशोब मी विंगेत उभी राहून वहीच्या मागच्या पानावर केला होता, ते पान माझ्याकडे आहे, त्यावर पेन्सिलीने दोनदा खोडलेली बेरीज आहे. ट्रक येईल का हे कळायचा मार्ग नव्हता. मग मी तो प्रश्नच सोडला आणि दुसरा विचारला, ट्रकशिवाय काय काय आहे? थिएटरच्या चौदा खुर्च्या, दोन शिड्या, पूर्ण प्रकाशयोजना, आणि पाठ झालेले नट. साडेपाचला ठरवलं, खुर्च्यांवर करायचं. दारात पाटी लावली की आज सेटशिवाय प्रयोग आहे, ज्यांना नको त्यांनी आत जायच्या आधी पैसे परत घ्यावेत. थोडे लोक परत गेले, बाकीचे बसले, प्रयोग झाला, पगार झाले.

एवढं लिहिलं, दिवसा वाचलं, बरं वाटलं. पण निबंध त्याने पुरा झाला नव्हता आणि ते मला सरांमुळे कळलं.

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. शिफारसपत्रं बऱ्याच ठिकाणी दोन लागतात आणि माझ्या बाबतीत त्यांच्याशिवाय दुसरा वरिष्ठच नव्हता, दुसरं पत्र थिएटर चालवणाऱ्या बाईंनी दिलं. सरांनी आयुष्यात असं पत्र लिहिलं नव्हतं, पहिल्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं की ही मला मुलीसारखी आहे आणि हिच्याइतकी मेहनती मुलगी मी पाहिली नाही. प्रेमाने लिहिलेलं, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही असं. ह्या वेळी मी त्यांना समोर बसवून प्रश्न वाचून दाखवले. बऱ्याच शाळा आता एकच सामायिक नमुना वापरतात, त्यात विचारतात की बाकीच्यांच्या तुलनेत ही कशी, उदाहरण द्या, आणि मग असा प्रश्न आहे की तुम्ही हिला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला किंवा टीका कोणती, कुठल्या प्रसंगी, आणि तिने त्यावर काय केलं. पत्र मी लिहू शकत नव्हते, लिहायचंही नसतं, तशी मनाई असते. पण हा प्रश्न वाचल्यावर सर लगेच म्हणाले, "खुर्च्यांचा प्रयोग. हेच लिहिणार मी."

मला आनंद झाला. मग ते म्हणाले, "तू नटांना विचारलं नव्हतंस."

आणि ते खरं होतं. त्या रात्री साडेपाचला मी ठरवलं, लाईटवाल्याला सांगितलं, पाटी लिहायला घेतली, आणि नटांना कळलं ते लाईटवाल्याकडून. ज्या बाईंचा जिन्यावरचा मोठा प्रवेश होता त्यांना शिडीवर चढायचं आहे हे त्यांना मेकअप करताना तिसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्यांनी ते केलं, उत्तम केलं, पण त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सरांनी तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की निर्णय बरोबर होता, पण ज्यांच्या अंगावर तो पडणार होता त्यांना तू पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीस. त्यानंतर मी काही बदललं तर ते हेच की दर प्रयोगाआधी सगळ्यांना पाच मिनिटं गोल उभं करायचं आणि जे बदललंय ते तोंडाने सांगायचं, आणि कुणाला अडचण आहे का ते विचारायचं. हे मी पहिल्या मसुद्यात लिहिलंच नव्हतं. चांगलं दिसणार नाही म्हणून टाळलं होतं हे मी आता कबूल करते. ते घातलं आणि निबंध उभा राहिला. त्यांच्या पत्रात ती चूक त्यांच्या बाजूने होती, माझ्या निबंधात माझ्या बाजूने, आणि दोन्ही शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला एक माणूस दिसत होता. क्षचा वर्ग ९, क्ष उणे २ पेक्षा मोठी.

फिजिक्सच्या मार्कांबद्दल ऐच्छिक निबंध असतो, त्यात पहिल्या वर्षी मी दोन पानं सफाई दिली होती, घरची परिस्थिती, वय, चुकीची निवड. ह्या वेळी सहा ओळी. हे मार्क पडले, कारण मी वर्गात जाणं सोडलं होतं, त्यानंतर हे दोन कोर्स केले, त्यांचे ग्रेड हे, जीमॅट क्वांट हे. बस. दोन नाटकांच्या मधले रिकामे महिने पण एका ओळीत, करार पद्धतीचं काम असल्याने असे खंड पडतात, इतकंच. आणि परत अर्ज करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळं विचारतात की मागच्या वेळेपासून काय बदललं, तिथे मला पहिल्यांदाच लिहायला भरपूर होतं. एक सांगते, आपल्यासारख्यांनी अर्ज घ्यायच्या शेवटच्या राउंडवर, म्हणजे फेरीवर, राहू नये. सप्टेंबर आणि जानेवारी ह्या दोन राउंडमध्ये बहुतेक जागा भरतात, वसंतातल्या राउंडपर्यंत फार थोड्या उरतात.

दुसऱ्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले. एक नकार, एक वेटलिस्ट, एक प्रवेश. जिथे प्रवेश मिळाला तिथला इंटरव्ह्यू अर्ध्या तासाचा होता. काही ठिकाणी समोरच्याने फक्त रेझ्युमे पाहिलेला असतो, इथे त्या बाईंनी सगळं वाचलं होतं, त्यांच्यासमोर माझ्या निबंधाचा कागद होता आणि त्यावर कडेला काहीतरी लिहिलेलं होतं जे मला वाचता येत नव्हतं. त्यांनी खेळत्या भांडवलाबद्दल विचारलं, तिकिटांचे पैसे परत दिल्याचा हिशोब कसा केला ते विचारलं, त्या नटीशी नंतर संबंध कसे आहेत ते विचारलं, मी म्हटलं आता चांगले आहेत, मला शुभेच्छा द्यायला त्यांचाच पहिला फोन आला होता. वेळ संपली, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग एकदम म्हणाल्या, "हे निबंधात नाहीये, पण मला राहवत नाही. तो ट्रक शेवटी आला का?"

आला, मी म्हटलं. सव्वानऊला, शेवटचा अंक चालू असताना. ड्रायव्हर मागच्या दाराने विंगेत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला, घामाने भिजलेला, आणि खुर्च्यांवरचं नाटक संपेपर्यंत हलला नाही. मग आम्ही सेट उतरवलाच नाही, त्याला जेवू घातलं आणि ट्रक तसाच पुढच्या गावाला पाठवला.